यील्ड ९० टक्के आलं, तरी जवळपास निम्मा कच्चा माल गेला कुठे?

अ‍ॅस्पिरिनच्या बॅचबद्दल तुम्ही हे विचारलंय. यील्ड, म्हणजे जास्तीत जास्त मिळू शकणाऱ्या मालापैकी किती टक्के हाती आला, हा एकाच कच्च्या मालाचा हिशोब असतो, जो आधी संपतो त्याचा. दुसरा किती ओतला आणि त्यातला किती मालात उतरलाच नाही, हे त्यात दिसत नाही. त्यामुळे रिअ‍ॅक्टरमध्ये गेलेला प्रत्येक किलो मोजायला हवा.

हिशोब किलोमोलमध्ये मांडा, म्हणजे रेणुभाराइतक्या किलोंमध्ये. सॅलिसिलिक अ‍ॅसिड १३८ किलो आणि अ‍ॅसेटिक अनहायड्राइड १०२ किलो, म्हणजे प्रत्येकी १ किलोमोल. त्यातून अ‍ॅस्पिरिन १८० आणि अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड ६० किलो. दोन्हीकडे २४० जुळलं नाही तर पुढे जाऊच नका. १८० भागिले २४० म्हणजे ७५ टक्के, ही अ‍ॅटम इकॉनॉमी, म्हणजे अभिक्रियेतल्या एकूण वजनातला हव्या त्या मालात उतरणारा वाटा. बॅच कितीही निगुतीने चालवली तरी पाव हिस्सा अ‍ॅसेटिक अ‍ॅसिडमध्ये जाणारच. त्यात ऑपरेटरचा दोष नाही.

आता समजा, अनहायड्राइड दीडपट घातलं, १५३ किलो. आत गेले २९१, हाती आलं १८० च्या ९० टक्के म्हणजे १६२, म्हणजे ५५.७ टक्के. हाच आकडा ०.७५ × ०.९० × (२४०/२९१) असा सुटा होतो. धडपड बहुतेक वेळा मधल्या गुणकासाठी, म्हणजे यील्डसाठी चालते. पण यील्ड ९५ टक्क्यांवर नेलं तरी ५८.८ पर्यंतच पोचता. यील्ड तेवढंच राखून जास्तीचं अनहायड्राइड १० टक्क्यांवर आणलं तर ६४.७! अनहायड्राइड डिस्टिल करून परत मिळवत असाल तर तेवढं वजन २९१ मधून वजा करा. मात्र बॅचमध्ये पाणी ओतून ते मोडलं, तर त्याचं अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड झालं, अनहायड्राइड म्हणून गेलंच.

उलट नायट्रोजन आणि हायड्रोजनपासून अमोनिया बनवताना अ‍ॅटम इकॉनॉमी १०० टक्के, पण एका फेरीत रूपांतर साधारण १५ टक्केच. उरलेला वायू पुन्हा कन्व्हर्टरमध्ये, म्हणजे अमोनिया बनवणाऱ्या रिअ‍ॅक्टरमध्ये फिरतो, त्यामुळे तो वाया गेला असं धरू नका. आर्गॉन आणि मिथेन साचू नये म्हणून सोडलेल्या पर्ज वायूबरोबर जातो, तेवढाच तोटा.

जास्तीचं प्रमाण कमी करताना घात करतो तो ओलावा. १ किलो पाणी ५.६७ किलो अनहायड्राइड खातं. सॅलिसिलिक अ‍ॅसिडमध्ये २ टक्के ओलावा असेल तर १३८ किलोत २.७६ किलो पाणी आलं आणि १५.६ किलो अनहायड्राइड गेलं. १० टक्के जास्तीच्या ११२.२ मधून उरले ९६.६ किलो, म्हणजे ०.९४७ किलोमोल, कोरडं सॅलिसिलिक अ‍ॅसिड मात्र ०.९८. म्हणजे आधी संपणारा माल आता अनहायड्राइड झाला! निदान साडेचार किलो सॅलिसिलिक अ‍ॅसिड तसंच राहतं आणि फेरिक क्लोराइड टाकलं की त्यामुळे नमुना जांभळा होतो. म्हणून आधी कार्ल फिशर या पाणी मोजण्याच्या चाचणीने ओलावा मोजा, अनहायड्राइडची शुद्धता तपासा आणि मगच जास्तीचं प्रमाण ठरवा.