कोळसुंद्यातले सुणें

संगमेश्वर तालुक्यातील एका वाचकांनी विचारले आहे की, त्यांच्या गावातील वृद्ध मंडळी ज्याला कोळसुंदा म्हणतात तो लांडग्याचाच एक प्रकार आहे काय, आणि संस्कृतातील ‘वृक’ म्हणजे या दोहोंपैकी नेमका कोण.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असे आहे; कोळसुंदा म्हणजे रानकुत्रा. ते ठासून सांगावे लागते, कारण घाटरस्त्यावर मोटारीच्या उजेडात तांबूस अंगाचे आणि काळ्या झुबकेदार शेपटीचे पाच-सहा प्राणी दिसले की ‘कोकणात लांडग्यांचा कळप’ अशा मथळ्याची चित्रफीत दोन दिवसांत सर्वांच्या फोनवर पोहोचते. (कळप मेंढ्यांचा असतो, लांडग्यांची टोळी असते.) लांडगा हा उघड्या माळाचा प्राणी आहे. सोलापूर, अहिल्यानगर, पुणे जिल्ह्याचा पूर्व भाग, म्हणजे जेथे वर्षाला ५००-६०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि कुसळी गवतात बोरी-बाभळी उभ्या असतात, तो त्याचा मुलूख, आणि धनगर हा त्याचा पिढ्यान्‌पिढ्यांचा शेजारी. ३००० मिलिमीटर पावसाच्या आमच्या झाडीत त्याचे बस्तान नाही. लहानपणी मी लांडग्याच्या ज्या गोष्टी ऐकल्या, त्या भातकापणीनंतर घाट उतरून आमच्या शेतांत मेंढ्या बसवणाऱ्या धनगरांच्या तोंडूनच. कोळसुंदा मात्र सह्याद्रीच्या जंगलाचा रहिवासी आहे. कोयना, चांदोली, राधानगरी, तिळारी येथे तो आजही नांदतो. लांडग्याला ४२ दात असतात, कोळसुंद्याला ४०. लांडगा दीर्घ हेल काढून विव्हळतो, तर कोळसुंदे एकमेकांना शिट्टीसारखा आवाज देतात. ब्रिटिश लष्करी अधिकारी आणि निसर्ग-अभ्यासक कर्नल साइक्स यांनी १८३१ मध्ये दख्खनच्या सस्तन प्राण्यांची यादी प्रसिद्ध केली तेव्हा मराठ्यांचा लांडगा आणि मराठ्यांचा कोळसून अशी दोन्ही नावे त्यांनी वेगवेगळी नोंदवली होती. जे अंतर तेव्हाच्या मराठी बोलणाऱ्यांना स्वच्छ ठाऊक होते, ते आज मराठीतच पुसले जावे, याचा मला मनापासून राग येतो.

आता मूळ शब्दाकडे वळतो, कारण खरा आनंद तेथे आहे. या प्राण्याच्या शेपटीचा रंग कोळशासारखा, म्हणून तो कोळसुंदा, अशी व्युत्पत्ती मला अनेक जाणकारांनी सांगितली आहे आणि ती मला मुळीच मान्य नाही. ‘कोळसा’ घेतला तर ‘सुंदा’तील उकार कोठून आला, याचे उत्तर त्यांच्यापाशी नसते, शिवाय अख्खे अंग तांबडे असलेल्या जनावराला केवळ शेपटीवरून काळे नाव कोण देईल? माझ्या मते हा सरळ सामासिक शब्द आहे. अमरकोशात वराहाची जी नावे दिली आहेत, त्यांत ‘कोल’ हे एक आहे. दोन स्वरांमधला संस्कृत ‘ल’ मराठीत ‘ळ’ होतो: फल-फळ, काल-काळ, जल-जळ, तसाच कोल-कोळ. उरलेला भाग म्हणजे जुन्या मराठीतील ‘सुणें’, म्हणजे कुत्रा. हा शब्द संस्कृत ‘श्वन्’, ‘शुनक’ यांच्या कुळातला असून गोव्याच्या कोंकणीत आजही रोजच्या वापरात आहे. ‘ण’चा ‘न’ करणे ही तर कोकणातील कितीतरी बोलींची सवयच आहे. तेव्हा कोळसून म्हणजे डुकराच्या पाठीस लागणारा कुत्रा. ‘सुना’चा ‘सुंदा’ होताना शिरलेल्या ‘द’साठी मी ‘वानर-वांदर’ हा दाखला देतो. तेथे ‘न’च्या शेजारी ‘र’ आहे आणि येथे नाही, हा आक्षेप रास्त आहे, पण ‘कोळसून’ हे द-विरहित रूप साइक्स यांच्या यादीत उभे असताना मला तो निर्णायक वाटत नाही.

चिपळूणच्या वरच्या अंगाला माझे आजोळ आहे. तेथे एका सकाळी पऱ्याच्या काठी अर्धे खाल्लेले रानडुक्कर पडले होते, भोवतालची ओली माती पावलांनी तुडवलेली होती, आणि माझे आजोबा खाली वाकून ती पावले पाहत म्हणाले, “कोळसुनांनी डुकर फाडलानी.” त्यांच्या स्वरात समाधान होते, कारण त्याच डुकरांनी आमचे नाचणीचे वरकस उकरून टाकले होते. कोळसुंदे झुडपांवर मुततात आणि त्या झुडपांतून जाणाऱ्या वाघाचे डोळे जातात, असेही ते सांगत. शेतकऱ्याच्या नजरेने पाहिले तर हे नाव डुकरावरून पडणे किती स्वाभाविक आहे, ते मला त्या काठावर कळले.

याहून मोठी गंमत पुढेच आहे. या प्राण्याचे शास्त्रीय नाव ‘क्युऑन अल्पिनस’. त्यातले ‘क्युऑन’ हे प्रजातीनाम इंग्रज निसर्ग-अभ्यासक हॉजसन यांनी १८३८ मध्ये ग्रीक भाषेतील कुत्रावाचक शब्दावरून घडवले, आणि तो ग्रीक शब्द व आपला ‘श्वन्’ हे एकाच मूळ धातूचे भाऊबंद आहेत. म्हणजे घाटाखालचा शेतकरी ‘सून’ म्हणतो आणि प्राणिशास्त्रज्ञ ‘क्युऑन’ म्हणतो, तेव्हा दोघेही मुळात एकच शब्द उच्चारत असतात.

राहिला ‘वृक’. वृक म्हणजे लांडगाच, आणि त्याचा पुरावा मेंढीत आहे. ऋग्वेदात वृकाला ‘उरामथि’, म्हणजे मेंढीला घुसळून टाकणारा, असे विशेषण आहे, आणि मेंढी ही माळावरची असते, जंगलातली नव्हे. त्याच ऋग्वेदात ऋज्राश्वाची कथा येते. त्याने एका वृकीला, म्हणजे लांडगिणीला, शंभर मेंढ्या कापून घातल्या, म्हणून बापाने त्याला आंधळे केले. तेव्हा त्याला दृष्टी मिळावी म्हणून देवांचे वैद्य असलेल्या अश्विनांना हाक मारली, ती त्या वृकीनेच.