सिबिल ५९०, स्लॅबच्या सळ्या उघड्या: ॲप आणि सावकारापलीकडचे मार्ग

तुम्ही लिहिलंय त्याचा गोषवारा असा: वीस-बावीस वर्षांचं बैठं घर, स्वयंपाकघराच्या स्लॅबचं प्लास्टर पडतंय, गंजलेल्या सळ्या दिसायला लागल्यात. कंत्राटदार तीन लाख सांगतो. मागे क्रेडिट कार्डाचं देणं सेटल केलं, म्हणजे थोडं भरून बाकीचं बँकेने सोडलं, त्यामुळे सिबिल स्कोअर (कर्जफेडीच्या इतिहासावरून मिळणारे गुण) ५९० वर आलाय आणि दोन बँकांनी नकार दिलाय. आता मोबाइलवरचं ॲप नाहीतर गावातला महिन्याला शेकडा पाच घेणारा सावकार, एवढंच उरलं असं तुम्हाला वाटतंय. मी बरीच वर्षं पगारदार पतसंस्थेच्या कर्ज विभागात काढली आहेत. तुमच्यासारखी माणसं रोज समोर बसायची, म्हणून खात्रीने सांगतो, अजून बरंच उरलंय.

आधी एक करा: तिसऱ्या, चौथ्या बँकेत अर्ज टाकणं आजपासून बंद. प्रत्येक अर्जाची चौकशी तुमच्या क्रेडिट अहवालात नोंदली जाते आणि लागोपाठ चौकश्या दिसल्या की पुढचा अधिकारी आणखी सावध होतो. स्वतःचा स्कोअर स्वतः बघितल्याने मात्र तो कमी होत नाही, ती भीती सोडा.

आता त्या तीन लाखांकडे वळू. खरं काम इथे आहे. कंत्राटदाराने एकाच कागदावर सगळं घातलंय: स्लॅबची दुरुस्ती, गच्चीचं वॉटरप्रूफिंग, नव्या फरशा, ओटा, रंग. बाबवार अंदाजपत्रक मागा. त्याआधी एखाद्या स्ट्रक्चरल इंजिनिअरला फी देऊन घर दाखवा, कंत्राटदाराच्या ओळखीचा नको. ही फी वाचवू नका. सळ्या किती झिजल्यात, धोका फक्त सळ्यांवरच्या काँक्रीटच्या थरापुरता आहे की स्लॅबच्या ताकदीला आहे, हे त्यालाच सांगता येईल. तोवर त्या भागाखाली वावर बंद ठेवा, आणि तो म्हणाला तर लोखंडी टेकू लावून घ्या. टेकूंचं भाडं फार नसतं.

क्रम लक्षात ठेवा: पाणी आधी, सळ्या नंतर. वरून पाणी मुरत असताना खालून प्लास्टर मारलं तर दोन पावसाळ्यांत पुन्हा पडेल. गच्ची पूर्ण वाळलेली असतानाच वॉटरप्रूफिंग धरतं, म्हणजे हे काम मे महिन्यात उरकायला हवं. खालच्या बाजूला सैल काँक्रीट पाडायचं, सळ्यांचा गंज घासून काढायचा, गंजरोधक लावायचं, मग पॉलिमर मॉर्टर. नुसतं सिमेंट-वाळू थापणाऱ्याला काम देऊ नका. आणि ओल वायरिंगपर्यंत गेली असेल तर इलेक्ट्रिशियनकडून तीस मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळायला लागली की पुरवठा तोडणारा स्विच) बसवून घ्या. ओलसर भिंतीतून शॉक बसायची वाट बघायची नसते.

फरशा, ओटा, रंग यंदा नको. हे वजा केलं की तीन लाखांचे बहुधा सव्वा-दीड लाख होतात. साहित्य स्वतः आणलंत आणि मजुरी टप्प्याटप्प्याने दिलीत तर सगळी रक्कम एकदम उभी करावी लागत नाही. निम्मे पैसे आगाऊ मागणाऱ्याला नको म्हणा.

दीड लाखाला सिबिल मध्ये न आणता पैसा कुठून येईल? तुमची चौदा वर्षं चालू असलेली एलआयसीची पॉलिसी आहे, तिथून सुरुवात करा. शाखेत सरेंडर व्हॅल्यू, म्हणजे आज पॉलिसी मोडली तर मिळणारी रक्कम, विचारा. चालू पॉलिसीवर तिच्या नव्वद टक्क्यांपर्यंत कर्ज मिळतं, तारण पॉलिसीच असते, त्यामुळे स्कोअरवर काही अडत नाही. व्याज वैयक्तिक कर्जापेक्षा बरंच कमी. फक्त सहामाही व्याज थकवू नका, साचत गेलं तर पॉलिसीच जाते. टर्म प्लॅनवर मात्र हे कर्ज मिळत नाही.

दुसरं सोनं. घरातल्या बाईच्या दागिन्यांविषयी हे लिहिताना मलाही जड जातं, पण सावकारापेक्षा सोनेतारण शंभरपट बरं. रिझर्व्ह बँकेच्या २०२५ च्या नियमांत अडीच लाखांपर्यंतच्या कर्जाला दागिन्यांच्या किमतीच्या ८५ टक्क्यांपर्यंत मर्यादा आहे, पण तुम्ही तेवढं उचलू नका. निम्म्यावर थांबलात तर भाव पडला तरी लिलावाची नोटीस लगेच दारात येत नाही. वजन, कॅरट आणि दागिन्यांचं वर्णन असलेली पावती घ्या. त्याच नियमांत असंही आहे की पूर्ण फेड झाल्यावर सात कामकाजाच्या दिवसांत दागिने परत द्यायचे, आणि कर्ज देणाऱ्या बँकेच्या किंवा कंपनीच्या चुकीने उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई. सहकारी किंवा सरकारी बँकेत आधी विचारा, चौकातल्या फायनान्सचा दर बहुतेक वेळा चढा असतो.

तुमच्या कारखान्यात कामगारांची पतसंस्था आहे असं तुम्ही लिहिलंय, पण सभासद नाही आहात. उद्याच व्हा. तिथे स्कोअरपेक्षा पगार आणि जामीनदार बघतात, कारण सहकार कायद्याच्या कलम ४९ प्रमाणे हप्ता पगारातून कापून घेता येतो. नव्या सभासदाला लगेच मोठं कर्ज देत नाहीत, पण पुढच्या वर्षीच्या ओटा-फरशीसाठी हाच रस्ता आहे. जामीनदार होणाऱ्या मित्राला मात्र सगळं खरं सांगा. तुम्ही थकलात तर कलम १०१ चा वसुली दाखला त्याच्याही नावावर निघतो. चांगल्या मैत्रीत असं वैर आलेलं मी फार बघितलंय.

पत्नी बचत गटात असतील तर गटाच्या अंतर्गत कर्जातून तीस-चाळीस हजार उभे राहू शकतात. पीएफमधूनही घरदुरुस्तीला रक्कम काढता येते आणि ती परत फेडायची नसते. घर तुमच्या किंवा पत्नीच्या नावावर हवं, आणि निकष अलीकडे बदललेत, म्हणून आजचे नियम ऑफिसातून नीट समजून घ्या. माझं मत विचाराल तर पीएफला सगळ्यात शेवटी हात लावा. ते म्हातारपणाचं आहे.

आता शेकडा पाचचा हिशोब. दीड लाखावर महिन्याला साडेसात हजार, म्हणजे वर्षाला नव्वद हजार नुसतं व्याज, मुद्दल तसंच. महाराष्ट्र सावकारी अधिनियम, २०१४ खाली परवानाधारक सावकाराला शेतकरी नसलेल्या माणसाकडून विनातारण कर्जावर वर्षाला १८ टक्क्यांवर व्याज घेता येत नाही. दीड लाखावर ते महिन्याला सव्वादोन हजार होतं. चक्रवाढ लावता येत नाही आणि एकूण व्याज मुद्दलापेक्षा जास्त वसूल करता येत नाही. तुमचा माणूस परवाना दाखवत नसेल, कोऱ्या स्टॅम्पवर किंवा घराच्या खरेदीखतावर सही मागत असेल, तर तिथून उठा. तक्रार जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे होते.

ॲपचंही तसंच. रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे कर्ज देणाऱ्या बँकेचं किंवा वित्त कंपनीचं नाव दिसायला हवं, पैसे थेट तुमच्या खात्यात यायला हवेत, आणि सही करण्याआधी वार्षिक खर्चाचा पूर्ण दर लिहिलेलं मुख्य तथ्य पत्रक मिळायला हवं. फोटो-संपर्क बघायची परवानगी मागतंय आणि सात-पंधरा दिवसांत फेड म्हणतंय, ते काढून टाका. फसलात आणि धमक्या येऊ लागल्या तर १९३० वर फोन करा. लाजेने गप्प बसू नका, त्यांचा धंदा त्या लाजेवरच चालतो.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्या कुणाला हाच त्रास असेल, तर कर्ज शोधण्याआधी सोसायटीचे उपविधी काढा. आदर्श उपविधींप्रमाणे गच्चीतून पावसाचं पाणी झिरपून वरच्या मजल्याचं छत आणि त्याचं प्लास्टर खराब झालं, तर ते सोसायटीने करून द्यायचं असतं. सचिवाला लेखी अर्ज द्या आणि पोचपावती घ्या. स्वतःच्या बाथरूममधून होणारी गळती मात्र ज्याची त्याने बघायची.

राहिला स्कोअर. स्कोअर काढणाऱ्या सिबिलसारख्या चारही क्रेडिट कंपन्यांकडून वर्षाला एक पूर्ण अहवाल फुकट मिळतो, तो मागवा. कार्डाच्या बँकेत जाऊन, सेटलमेंटमध्ये सोडलेली रक्कम भरली तर नोंद ‘सेटल्ड’ची ‘क्लोज्ड’ करून देता का, हे लेखी विचारा. लेखी होकार हातात आल्याशिवाय पैसे भरू नका, आणि भरल्यावर ना-देय प्रमाणपत्र घ्या. अहवालात चूक असेल तर तक्रार टाका. ३० दिवसांत निकाली निघाली नाही तर पुढे दिवसाला १०० रुपये भरपाईचा नियम आहे.

या आठवड्यात इंजिनिअर आणि एलआयसीची शाखा, एवढ्या दोनच फेऱ्या मारा. इंजिनिअरने काय सांगितलं आणि सरेंडर व्हॅल्यू किती निघाली, ते कळवा. त्यावरून सोनं किती ठेवायचं आणि हप्ता किती पडेल, ते आकडे मी मांडून देतो.