वाचकांचे प्रश्न : पुस्तक परत द्यायची तारीख

प्रश्न : मी गोव्यातल्या डिचोलीची, वय ५७. मुलगा बेंगळुरूला, मुलगी लग्न होऊन पोर्तुगालला, मिस्टर गेले त्याला आता दोन वर्षं होतील. चवथीला घर भरतं आणि गणपती पोचवले की एकदम सुनं. रात्री झोप येत नाही म्हणून मोबाइल बघत बसते आणि मोबाइल बघते म्हणून झोप येत नाही, असं चाललंय. भाची म्हणते मावशी लायब्ररी लाव, मन रमेल. पूर्वी खूप वाचायचे. पण खरंच फरक पडतो का? आणि मन शांत व्हायला नेमकी कुठली पुस्तकं घेऊ? ऑनलाइन मागवलेली दोन ‘सकारात्मक विचारां’ची पुस्तकं अर्धी वाचून कपाटात पडलीत.

उत्तर : ताई, ती दोन पडू देत कपाटात. विकत घेतलेलं पुस्तक कुठे जात नाही, त्यामुळे ते वाचायची घाईपण कोणाला नसते. लायब्ररीच्या पुस्तकाला मात्र आत एक तारीख-चिठ्ठी चिकटवलेली असते, आणि मला विचाराल तर निम्मं औषध त्या चिठ्ठीत आहे. मी बरीच वर्षं काउंटरच्या पलीकडे बसलोय, एक निवृत्त मास्तर यायचे, पुस्तक वाचून झालेलं असो नसो तारखेला हजर, छत्री कोपऱ्यात ठेवणार, दोन वाक्यं पावसावर आणि दोन मासळीच्या भावावर बोलणार, कपाटापुढे वीस मिनिटं उभे राहणार आणि मग पुढचं पुस्तक घेऊन जाणार. एकदा आले नाहीत तर आमच्या शिपायाने संध्याकाळी घरी जाऊन चौकशी केली, ताप होता. पंधरा दिवस आपण दिसलो नाही तर कोणाच्या तरी लक्षात येतं, ही गोष्ट कपाटातल्या पुस्तकाकडून मिळत नाही.

आता फरक पडतो का याबद्दल. वाचून बरं वाटतं हे जुनंच आहे, त्याला ‘बिब्लिओथेरपी’ हा भारदस्त शब्द १९१६ मध्ये सॅम्युएल क्रॉथर्स या अमेरिकन लेखकाने वापरला, तोही एका गमतीच्या लेखात, पुढे डॉक्टरांनी तो गंभीरपणे घेतला. इंग्लंडात २०१३ पासून एक योजना आहे, हलकं नैराश्य किंवा चिंता असेल तर डॉक्टर ठरावीक यादीतलं पुस्तक सुचवतात आणि पेशंट ते गावातल्या सार्वजनिक लायब्ररीतून घेतो. येल विद्यापीठाच्या लोकांनी २०१६ मध्ये पन्नाशीच्या वरच्या ३,६३५ माणसांची १२ वर्षांची माहिती तपासली, तर पुस्तकं वाचणाऱ्यांमध्ये त्या काळात मृत्यूचा धोका साधारण २० टक्के कमी दिसला. म्हणजे कादंबरी घेतली की आयुष्य वाढलं असं नव्हे हां, वाचणारी माणसं इतर बाबतीतही वेगळी असू शकतात. पण झोपताना हातात मोबाइलऐवजी कागद असला तर निदान पुढचा व्हिडिओ आपोआप सुरू होत नाही, एवढं तर आपल्यालाही कळतं.

कुठली पुस्तकं? ‘मन शांत करणारी’ म्हणून शोधू नका. विशीत जे आवडायचं तेच पहिलं घ्या, रहस्यकथा तर रहस्यकथा, लाजायचं काय त्यात. नंतर प्रवासवर्णनं, आत्मचरित्रं. आणि दिवाळी जवळ आली की वाचनालयाची दिवाळी अंकांची योजना असेल तर ती नक्की लावा, एकदाच ठरलेली वर्गणी भरायची आणि अंक बदलून बदलून न्यायचे, त्यासाठी आठवड्यातून दोनदासुद्धा जावं लागतं, तेवढंच घराबाहेर पडणं होतं.

एक गोष्ट स्पष्ट सांगतो. झोप आठवडेच्या आठवडे येत नसेल, जेवण नकोसं झालं असेल, जगण्यात अर्थ नाही असं वाटत असेल, तर पुस्तकावर थांबू नका. आधी नेहमीच्या डॉक्टरांना सांगा, बांबोळीला मनोरुग्णांची सरकारी संस्था आहे तिथे ओपीडीत जाता येतं, आणि १४४१६ हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा फुकट नंबर दिवसरात्र चालू असतो. पुस्तक सोबतीला असू दे, इलाजाच्या जागी नको.

प्रश्न : वय २४, वास्कोत शिफ्टची नोकरी, रूमवर एकटाच असतो. पुस्तक उघडलं की दोन पानांनंतर हात मोबाइलकडे जातो. मला वाचायचंय पण जमत नाहीये. उपाय?

उत्तर : अरे, रूमवर वाचूच नकोस. सुट्टीच्या दिवशी पणजीला पाटोवर कृष्णदास शामा ग्रंथालयात जा, कदंबा स्टँडवरून चालत जाता येतं. आणि मोबाइल स्कूटरच्या डिकीत ठेव. हसू नकोस, खिशात ठेवलास तर हात जाणारच. आजूबाजूला वीस पोरं मान खाली घालून बसलेली असली की आपलीपण आपोआप खाली जाते, निम्मी तर परीक्षांचा अभ्यास करत असतात, तरी चालतं. दोन पानं तर दोन पानं. न आवडलेलं पुस्तक अर्ध्यात परत करायलाही काही हरकत नाही, त्यासाठीच तर लायब्ररी असते. जाता जाता, ही संस्था १८३२ पासूनची, पोर्तुगीजांच्या वेळची, आणि आता नाव मात्र सोळाव्या शतकात मराठीत कृष्णकथा लिहिणाऱ्या केळशीच्या कवीचं. तिथे बसून वाचताना मला तरी याची मजा वाटते.

प्रश्न : आम्ही पेडण्याच्या एका वाड्यावरच्या सात-आठ बायका. देवळाच्या सभागृहात महिन्यातून दोनदा एकत्र वाचायचं म्हणतोय. काहीजणी फारशा शिकलेल्या नाहीत, एकीला डोळ्यांचा त्रास. जमेल का, कसं करायचं?

उत्तर : जमेल, आणि जागा तर एकदम बरोबर निवडलीत. १९१० मध्ये पोर्तुगालात प्रजासत्ताक आलं, त्यानंतर त्यांच्या ताब्यातल्या आपल्या गोव्यातही थोडा मोकळेपणा मिळाला आणि गावोगाव मराठी शाळा, वाचनालयं उभी राहायला लागली, त्यातली कितीतरी देवळाच्या आसऱ्यानेच चालली. घरी वाचून या आणि मग चर्चा करा, असं मात्र करू नका, दुसऱ्याच वेळेला निम्म्याजणी ‘वाचायचं राहिलं’ म्हणून यायच्या बंद होतील. एकीने मोठ्याने वाचायचं, बाकीच्यांनी ऐकायचं, वीस मिनिटांनी दुसरीने घ्यायचं. पोथी आपण अशीच ऐकत आलोय ना. मग अक्षर येणारी न येणारी सगळ्या सारख्या, आणि डोळ्यांचा प्रश्नही राहत नाही. वाचायचं मराठीत आणि भांडायचं कोंकणीत, ते आपोआपच होईल.

लहान कथा घ्या, एका बैठकीत संपणारी. तालुक्याच्या सरकारी ग्रंथालयात जाऊन ग्रंथपालांना सांगा की आमचा गट आहे, एकाच पुस्तकाच्या दोन-तीन प्रती मिळतील का, विचारायला काय जातंय. आणि कृपा करून अध्यक्ष, प्रमुख पाहुणे, शाल-श्रीफळ यातलं काही नको, मी असे तीन गट उद्घाटनातच संपलेले बघितलेत. कोणी रडली तर रडू द्या, लगेच समजूत घालायला जाऊ नका, वाचणारीने थोडं थांबावं आणि पुढे वाचावं. चहा शेवटी. आधी दिलात तर पुस्तक उघडायच्या आत वाड्यावरच्या सगळ्या बातम्या होतील आणि घरी जायची वेळ होईल.