गव्हाच्या मुलखातलं गाव : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : कॅनडातल्या सस्कॅचेवान प्रांताच्या नकाशात रुळालगतची गावं सारख्या अंतरावर ओवल्यासारखी दिसतात. काही ठिकाणी तर नावंही इंग्रजी वर्णक्रमानं येतात. असं का?

उत्तर : अंतर घोड्यांनी ठरवलं. गव्हानं भरलेली गाडी घेऊन शेतकऱ्यानं निघावं आणि दिवस मावळायच्या आत घरी परतावं, या हिशेबानं रेल्वेनं साधारण 10 ते 16 किलोमीटरवर एकेक सायडिंग, म्हणजे वॅगन उभ्या करायचा बाजूचा रूळ, टाकलं. तिथं धान्याचा एलिव्हेटर, म्हणजे दाणा साठवून वॅगनमध्ये भरायचं उंच कोठार, आला, मग दुकान, टपाल, शाळा, बर्फावर खेळायचं मैदान. नावांचा क्रम ग्रँड ट्रंक पॅसिफिक रेल्वेचा : इट्युना, जॅस्मिन, केलिहर असं करत पुढे यंग आणि झेल्मापर्यंत. 1872च्या कायद्यानं 10 डॉलर शुल्कात 160 एकर जमीन मिळे, अट तिथं राहून ती लागवडीखाली आणण्याची. आज एकेक कुटुंब हजारो एकर पेरतं, त्यामुळे दोन घरांमधलं अंतर वाढलं आणि शाळेच्या पटावरची मुलं घटली.

प्रश्न : ते उंच लाकडी एलिव्हेटर पाडले का?

उत्तर : फळ्या आडव्या, एकावर एक खिळ्यांनी ठोकून त्यांच्या भिंती बांधत, म्हणून त्या धान्याचा दाब सोसत. गाडी काट्यावर तोलायची, खालच्या खड्ड्यात रिकामी करायची. वाट्या लावलेला पट्टा दाणा माथ्यावर नेई आणि तिथून नळीनं हव्या त्या कप्प्यात सोडी. वॅगन भरताना दाणा आपल्या वजनानंच उतरे. 1930च्या दशकात प्रेअरीत, म्हणजे पश्चिम कॅनडाच्या या सपाट गवताळ मुलखात, असे पाच हजारांहून जास्त होते. धान्याच्या रेल्वेभाड्याची 1897पासूनची सवलत 1995मध्ये पूर्ण संपली, फाट्यांचे रूळ उखडले गेले आणि शंभर वॅगन एकदम भरणारी काँक्रीटची केंद्रं उभी राहिली. गावाचं खरं नुकसान इथं झालं : एलिव्हेटरचा मालमत्ता कर बुडाला आणि लांब पल्ल्याच्या जड ट्रकांनी रस्ते फोडले, ते दुरुस्त करायचा खर्च स्थानिकांच्याच माथी.

प्रश्न : मुलगी तिथल्या शेतावर कामाला आहे. कापणीला कोरडा असलेला कॅनोला (मोहरीच्या कुळातली तेलबी) नोव्हेंबरमध्ये कणगीत तापला. चूक कुठं झाली?

उत्तर : ओलाव्याचा आकडा एकटा पुरत नाही. बाजारात 10 टक्क्यांपर्यंतचा कॅनोला कोरडा गणतात, पण दीर्घ साठवणीला 8 टक्के आणि 15 अंशांखालचं तापमान, दोन्ही हवीत. नवा दाणा कापणीनंतर सहा आठवड्यांपर्यंत जोरात श्वास घेतो, त्यातून उष्णता आणि पाणी सुटतं. बाहेर गारठा पडला की कडेचा थर थंड होतो, मधली ऊबदार हवा वर चढते आणि शेंड्याच्या गार दाण्यात ओल सोडते. तिथंच बुरशी धरते.

म्हणून कणगी भरताच पंखा सुरू करायचा. खालून ढकललेली हवा शेंड्यापर्यंत शेवटी पोचते. बुशेलमागे (बुशेल म्हणजे धान्याचं तिथलं माप, सुमारे 35 लिटर) मिनिटाला 0.1 घनफूट हवा असेल तर थंडावा वरपर्यंत जायला सुमारे 150 तास लागतात. निम्म्यावर पंखा बंद केला तर वरचा थर तसाच कोंदट राहतो, आणि बहुतेक नुकसान याच घाईनं होतं. दुसरं, भरताना बारीक कचरा आणि तणाचं बी मधोमध साचतं, हवा त्याला वळसा घालते. भरून झाल्यावर काहीशे बुशेल तळातून काढून घ्या : मधला कचरा निघून जातो, शेंडा खोलगट होतो.

हिरवा दाणा किती आहे हेही बघा. शंभर खाचांची पट्टी कॅनोलात बुडवायची, दाणे चिकटपट्टीवर उचलायचे आणि छोटा रोलर फिरवून चिरडायचे. पिवळा चुरा ठीक. गडद हिरवे ठिपके मोजायचे, पाच पट्ट्यांवर म्हणजे 500 दाण्यांवर. पहिल्या प्रतीला गडद हिरवा दाणा 2 टक्क्यांहून जास्त चालत नाही, आणि असा माल साठवणीतही दगा देतो.

तापमापक तारांवर पूर्ण भरवसा नको. दाणा उष्णता फार हळू वाहतो, चार-पाच फुटांवरची ऊब तारेला कळत नाही. हिवाळ्यात एक तृतीयांश माल काढून हात घालून बघा, वास घ्या, मग परत भरा. आधीच तापला असेल तर सगळाच हलवा. मात्र ऑगर, म्हणजे दाणा बाहेर ओढणारा फिरता स्क्रू, चालू असताना कणगीत पाऊल टाकायचं नाही. वरची खपली घट्ट दिसते, खाली पोकळी असते, आणि कंबरेपर्यंत रुतलेला माणूस दोघा-तिघांनी ओढूनही निघत नाही. मुलीला हे आजच फोनवर सांगा.