वाचकांचे प्रश्न : दोन फीडर घेतले, तरी लाइट का जाते?

प्रश्न : अक्कलकोट रस्त्याला आमचं तीन इमारतींचं बिझनेस आणि टेक्नॉलॉजी संकुल उभं राहतंय. एकूण मागणी ८०० केव्हीए आहे. त्यातला ५०० केव्हीए भार, म्हणजे सर्व्हर, नेटवर्क आणि त्यांचं कूलिंग, बंद पडून चालणार नाही. फताटेवाडीचा १,३२० मेगावॉटचा वीजप्रकल्प इतका जवळ आहे. दोन फीडर (उपकेंद्रातून येणाऱ्या वीजवाहिन्या) घेतले की जनरेटरवर फार खर्च नको, असं भागीदार म्हणतात. आपलं मत काय?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : प्रकल्प जवळ आहे याचा तुम्हाला काडीचाही उपयोग नाही. रायचूर–सोलापूर ७६५ केव्ही वाहिनीने ३१ डिसेंबर २०१३ रोजी दक्षिणेचं ग्रिड उर्वरित देशाशी जोडलं, इतकं आपलं शहर या जाळ्यात मोक्याच्या जागी आहे. तरी वळवाच्या पावसात लाइट जाते, कारण बिघाड होतो तो शेवटच्या काही किलोमीटरच्या ११ केव्ही वाहिनीवर. तिथे इन्सुलेटर फुटतो, फांदी पडते किंवा जेसीबी केबल तोडतो.

म्हणून फीडर किती, यापेक्षा ते कुठे एकत्र येतात हे विचारा. महावितरणकडून लेखी घ्या की दोन्ही फीडर वेगवेगळ्या उपकेंद्रांतून येतात, आणि त्या उपकेंद्रांना वरून येणारी वाहिनीही एकच नाही. एकाच उपकेंद्रातले दोन फीडर एकाच बसबारवर (जिथून वीज फीडरांत वाटली जाते त्या धातूच्या पट्टीवर) असतील, तर दुसऱ्याचे पैसे वाया गेले समजा. मग प्रत्यक्ष मार्ग चालून पाहा. दोन्ही वाहिन्या एकाच खांबावर किंवा दोन्ही केबली एकाच चरात नकोत. संकुलात त्या दोन वेगळ्या बाजूंनी शिरू द्या. आतही दोन रोहित्रं (ट्रान्सफॉर्मर), दोन मुख्य पॅनेल आणि मधे ती पॅनेल जोडणारा स्विच, म्हणजे बसकपलर हवा. दोन इनकमर (पॅनेलमध्ये वीज घेणारे मुख्य स्विच) आणि कपलर या तिघांपैकी एका वेळी दोनच चालू राहतील, अशी अडवणूक म्हणजे इंटरलॉक इलेक्ट्रिकलसोबत मेकॅनिकलही ठेवा.

एवढं करूनही जनरेटर लागतोच. ५०० केव्हीएसाठी एकच मोठा सेट घेण्यापेक्षा ३२० केव्हीएचे तीन घ्या. दोन सेट मिळून भार सुमारे ७८ टक्क्यांवर ओढतात, तिसरा राखीव राहतो. उन्हाळ्यात पारा ४२-४४ अंशांवर जातो आणि कॅनोपीतली, म्हणजे सेटभोवतीच्या आवाज रोखणाऱ्या पेटीतली हवा त्याहून गरम असते, त्यामुळे पाटीवरची पूर्ण ताकद मिळेल असं धरू नका. एवढ्या तापमानाला किती मिळते, हे पुरवठादाराकडून कागदावर घ्या.

डिझेलचा हिशेब सोपा आहे. ५०० केव्हीए म्हणजे ०.८ पॉवर फॅक्टरला ४०० किलोवॉट, युनिटला ०.२७ लिटर धरलं तर तासाला १०८ लिटर. परवान्याशिवाय एका जागी २,५०० लिटरपर्यंत डिझेल ठेवता येतं, पण एकही टाकी १,००० लिटरपेक्षा मोठी नको. सेटच्या तळटाक्याही त्यातच मोजा. २,००० लिटर साठा असेल तर साधारण अठरा तास निघतात. १ जुलै २०२३ पासूनच्या नव्या प्रदूषण निकषांच्या या आकाराच्या सेटना बहुधा युरियाचं द्रावणही लागतं. ते ३५ अंशांवर सहा महिनेच टिकतं, तेव्हा पत्र्याच्या शेडमध्ये ठेवू नका.

आता चुका होतात त्या जागा. रोहित्र आणि जनरेटर या दोन्हींचे न्यूट्रल स्वतंत्र अर्थ केलेले असतील, तर चेंजओव्हर (ग्रिडवरून जनरेटरवर भार वळवणारा स्विच) चार पोलचाच, म्हणजे तीन फेजसोबत न्यूट्रलही तोडणारा घ्या. तीन पोलचा घेतला की न्यूट्रलमधून प्रवाह फिरतो आणि वीजगळती ओळखून पुरवठा तोडणारा अर्थ-लीकेज रिले उगाच ट्रिप होतो. जनरेटरवर भार आला की पॉवर फॅक्टर सुधारणारी कपॅसिटर बँक आपोआप सुटली पाहिजे, नाहीतर लीडिंग पॉवर फॅक्टरमुळे व्होल्टेज हाताबाहेर जातं. ऐनवेळी सेट सुरू न होण्याची कारणं मात्र फार साधी असतात: स्टार्टिंग बॅटरी उतरलेली असते, किंवा सर्व्हिसिंगनंतर सिलेक्टर 'ऑटो'वर परत आणलेला नसतो. महिन्यातून एकदा मुख्य ब्रेकर खरोखर उघडून, निदान अर्धा तास भारावर चालवा. रिकामा किंवा ३० टक्क्यांखाली चालवत राहिलात, तर न जळलेलं डिझेल एक्झॉस्टमध्ये साचतं.

प्रश्न : दोन यूपीएस आहेत, तरी एक बंद पडला तेव्हा सगळे सर्व्हर गेले. शिवाय बॅटऱ्या दोन-अडीच वर्षांतच बदलाव्या लागतात.

उत्तर : दोन्ही यूपीएस बहुधा निम्म्याहून जास्त भरलेले होते. दोघांवर ७०-७० टक्के भार असेल, तर एक गेल्यावर दुसऱ्यावर १४० टक्के येतो आणि तोही हात टेकतो. प्रत्येकावर ४० ते ४५ टक्क्यांच्या वर जाऊ नका. सर्व्हरचे दोन प्लग एकाच पट्टीत खोचलेले नाहीत ना, हेही बघा; रात्रपाळीत कुणीतरी जवळची पट्टी पकडतं.

बॅटऱ्यांचं कारण उकाडा. सीलबंद लेड-ॲसिड बॅटरीचं आयुष्य २५ अंशांच्या वर दर दहा अंशांना जवळपास निम्मं होतं. बॅटरी रूमचा एसी जनरेटरवर घ्या. एका माळेत एक बॅटरी गेली की अख्खी माळ निकामी होते, म्हणून दोन समांतर माळा ठेवा आणि दर सहा महिन्यांनी एकेकीचा अंतर्गत रोध मोजा. दहा-पंधरा मिनिटांचा बॅकअप पुरे. पण सर्व्हर रूमचे पंखे आणि गार पाण्याचे पंप यूपीएसवर हवेत, नाहीतर बॅटरी शाबूत असताना सर्व्हर तापून बंद पडतील.

प्रश्न : छतावर सोलर आहे. लाइट गेल्यावर ते चालेल का?

उत्तर : नाही. लाइनमन सुरक्षित राहावा म्हणून ग्रिड गेलं की इन्व्हर्टर थांबतो. जनरेटरशी जोडून चालवायचं असेल, तर जनरेटरवरच्या भारानुसार सोलरची वीज कमी-जास्त करणारा सोलर-डीजी कंट्रोलर लागतो. तो नसेल, तर दुपारी भार कमी असताना उलटी वीज जनरेटरमध्ये शिरून त्यापासून वाचवणारा रिव्हर्स पॉवर रिले सेट बंद करतो. सेटवर किमान भार किती ठेवायचा, तो आकडा इंजिनच्या पुरवठादाराकडून घ्या आणि त्याप्रमाणेच कंट्रोलर सेट करून घ्या.