वाचकांचे प्रश्न : ब्युरेटसमोर उभी राहा

प्रश्न : मॅडम, मी बारावी सायन्सला आहे. बायो आणि फिजिक्स जमतं, पण केमिस्ट्री रात्री पाठ केली की सकाळी गायब. मोलॅरिटीची गणितं तर बघूनच घाम फुटतो. क्लासमध्ये सांगतात, प्रॅक्टिकलमध्ये वेळ घालवू नका, ते मार्क मिळतातच. जर्नल आम्ही मैत्रिणीचं बघून उतरवतो. ऑरगॅनिकच्या रिॲक्शन तरी लक्षात कशा ठेवायच्या?
— एक विद्यार्थिनी, बार्शी

उत्तर : क्लासवाल्यांचा हिशेब त्यांच्या सोयीचा आहे. बोर्डाचे १०० पैकी ३० मार्क प्रॅक्टिकलचे, आणि ते बहुतेकांना मिळतात हेही खरं. पण तुझं दुखणं उरलेल्या ७० मध्ये आहे, आणि त्याचं औषध त्या लॅबमध्येच पडून आहे. अकरावी-बारावीला केमिस्ट्री शिकवण्यात माझी नोकरी गेली. मोलच्या गणिताला घाबरणाऱ्या मुलींना मी आधी ब्युरेटसमोर, म्हणजे खाली तोटी असलेल्या मापाच्या काचनळीसमोर, उभं करायची.

परमँगनेटचं टायट्रेशन घे, म्हणजे एका द्रावणात दुसरं थेंबथेंब सोडून किती लागतं ते मोजणं. फ्लास्कमध्ये ०.०५ मोलर (म्हणजे लिटरमागे ०.०५ मोल) ऑक्झॅलिक ॲसिड १० मिली, त्यात डायल्यूट सल्फ्युरिक ॲसिड. मिश्रण ६०-७० अंशांपर्यंत तापव, उकळू नकोस. ब्युरेटमध्ये ०.०२ मोलर परमँगनेट. रंग इतका गडद असतो की द्रवाच्या वाकड्या पृष्ठभागाची खालची कड दिसत नाही, म्हणून रीडिंग वरच्या कडेवर घ्यायचं. आता पहिला थेंब सोड आणि नुसती बघत राहा. गुलाबी रंग जाता जात नाही. मुली घाबरून विचारतात, 'मॅडम, एंड पॉइंट आला?' म्हणजे अभिक्रिया पूर्ण झाली का? नाही गं, हलवत राहा. एकदा तो रंग गेला की पुढचे थेंब पडताक्षणी गायब होतात. कारण अभिक्रियेत तयार झालेलं मँगनीज (टू प्लस) स्वतःच कॅटॅलिस्टचं, म्हणजे अभिक्रियेचा वेग वाढवण्याचं, काम करतं. कायनेटिक्सच्या धड्यात तू जे घोकतेस, ते इथे हातातल्या फ्लास्कमध्ये घडतं.

फिकट गुलाबी रंग अर्धा मिनिट टिकला की थांब. १० मिलीच्या आसपास आली असशील. ऑक्झॅलिकचे मोल ०.०००५, परमँगनेटचे ०.०००२, म्हणजे पाचास दोन. समीकरणातले आकडे हेच. परमँगनेट पाच इलेक्ट्रॉन घेतं, ऑक्झॅलिक दोन देतं, मग हिशेब जुळायला दुसरं काय होणार? हे एकदा स्वतःच्या रीडिंगवरून मांडलंस की पुस्तकातली गणितं परकी वाटणार नाहीत.

एखाद्या वेळी फ्लास्क तपकिरी, गढूळ होतो. ॲसिड कमी पडलं आणि मँगनीज डायऑक्साइड बसलं, इतकंच. ओतून दे, पुन्हा कर. सल्फ्युरिकऐवजी हायड्रोक्लोरिक का चालत नाही, हे तोंडी परीक्षेत हमखास विचारतात : परमँगनेट क्लोराइडलाच ऑक्सिडाइझ करून क्लोरीन काढतं आणि रीडिंग फुगतं. नायट्रिकही नको, ते स्वतःच ऑक्सिडायझर. आणि तिन्ही रीडिंग काटेकोर १०.० लिहिलेली जर्नलं परीक्षक लांबूनच ओळखतात, बरं का.

ऑरगॅनिकसाठी सुट्या रिॲक्शनची यादी पाठ करू नकोस. कागदाच्या मधोमध बेंझीन डायझोनियम क्लोराइड लिही. ॲनिलिनपासून ते ० ते ५ अंशांवर बनतं. तिथून बाण काढ : कोमट पाण्याने फिनॉल, क्युप्रस क्लोराइड आणि एचसीएलने क्लोरोबेंझीन, पोटॅशियम आयोडाइडने आयोडोबेंझीन, फिनॉलशी जोडलं तर नारिंगी रंग. एका पानात तीन धड्यांचा माल आला. दुसऱ्या दिवशी बाणांची टोकं झाकून पुन्हा लिही. अपवाद मात्र लाल पेनाने : टॉलेन्स आणि फेलिंग या अल्डिहाइड ओळखायच्या दोन टेस्ट; बेंझाल्डिहाइड टॉलेन्सला चांदीचा आरसा देतं, फेलिंगला दाद देत नाही. सीईटी-नीटवाल्यांना असले अपवाद फार आवडतात.

कॉलेजात प्रॅक्टिकल होत नसेल तर तिघी-चौघी मिळून विभागप्रमुखांना भेटा. एकटीने जाऊ नकोस, एकटीला 'बघू' म्हणतात. लॅबमधल्या काकांना आधी विचारून ठेवा. कुठल्या दुपारी लॅब रिकामी असते हे त्यांनाच ठाऊक असतं. घरी ॲसिड आणून प्रयोग करायचा विचारही नको. आणि जायचं तर दिवाळीच्या आधी जा. परीक्षेच्या तोंडावर सगळ्या बॅच एकदम लॅबमध्ये घुसतात आणि ब्युरेटसुद्धा पुरत नाहीत.