प्रश्न तुमचे : एल्क पडला, आता पुढे?

अमेरिकेतल्या मोंटाना राज्यात रायफलने एल्क (सांबरासारखं मोठं हरीण) आणि हरणं मारायचा हंगाम ऑक्टोबरच्या उत्तरार्धातल्या एका शनिवारी उघडतो आणि थँक्सगिव्हिंगनंतरच्या रविवारी संपतो. हे पाच आठवडे तोंडावर आले की तिथल्या मराठी घरांतून प्रश्न येऊ लागतात. त्यांतले पाच इथे घेतले आहेत.

गेल्या वर्षी आम्ही एल्कची मादी मारली. थंडी चांगली होती, खाली बर्फही होता. तरी घरी आल्यावर मागच्या मांडीत हाडाजवळचं मांस हिरवट निघालं, उग्र वास होता. काय चुकलं? (बोझमन)

बर्फावर विश्वास ठेवलात, तिथेच चुकलं. एल्कची मादी सव्वादोनशे किलोच्या आसपास भरते. हिवाळ्यासाठी तिच्या अंगावर दाट केस आलेले असतात, आणि मांडीचा गोळा इतका जाड असतो की हाडाजवळची ऊब बाहेर पडायला तासन्‌तास लागतात. धूड जमिनीवर पडून राहिलं की खालच्या बाजूची ऊब कोंडते. बर्फ थोडा वितळतो आणि मग गोधडीसारखं काम करतो. सांध्याजवळ जिवाणू वाढतात आणि मांस हाडापासून नासायला लागतं. वरून बघताना सगळं ताजं दिसतं.

म्हणून प्राणी पडल्यावर टॅग (परवान्यासोबत मिळणारी, त्या प्राण्यासाठीची चिठ्ठी) आधी, फोटो नंतर, आणि लगेच सुरी. टॅग जागेवरून हलण्याआधीच वैध करावा लागतो. फोनवरचा ई-टॅग नेटवर्क नसतानाही चालतो, पण बॅटरी संपली तर तो काही कामाचा नाही. पॉवर बँक आतल्या खिशात ठेवा.

पोट न फाडता मांस काढायची पद्धत दोन माणसांना सोपी जाते. प्राणी कुशीवर घ्या. मानेपासून शेपटीपर्यंत कण्यावरून कातडीला चीर द्या. पातं वरच्या बाजूला ठेवून आतून बाहेर कापा, म्हणजे केस तुटून मांसावर पडत नाहीत. कातडी पोटाकडे सोलत न्या. पुढचा पाय वर उचलला की खांद्याचं पातं आणि फासळ्या यांच्यात फक्त स्नायू दिसतील. तिथे हाडाचा सांधा नसतो, पाय सहज सुटतो. मागच्या पायासाठी ओटीपोटाच्या हाडाला सुरी चिकटवून आत जा. खुब्याची वाटी लागते, तिच्यात एक पांढरी चिवट दोरी असते. ती टोकाने कापली की अख्खी मांडी हातात येते. मग कण्यालगतची पाठीची लांब पट्टी, मान आणि फासळ्यांवरचं मांस काढा. शेवटच्या फासळीमागून हात घालून आतड्यं खाली दाबली की कण्याच्या खालचा सगळ्यात कोवळा तुकडा मिळतो. मग प्राणी उलटा करून हेच दुसऱ्या बाजूला. चारही पाय, पाठीची पट्टी आणि आतला कोवळा तुकडा टाकून आलात तर तो मोंटानात गुन्हा आहे.

प्रत्येक भाग सुती पिशवीत घालून सावलीत फांदीला टांगा, भोवती वारा खेळता हवा. प्लास्टिकच्या पिशवीत गरम मांस कधीही घालू नका. ओढ्यात धुऊही नका. मांडी हाडासकट आणायची असेल तर आतल्या बाजूने हाडापर्यंत एक खोल चीर द्या, ऊब तिथून निघते.

हाड जागेवरच काढावं का? वजन वाचतं, पण ऊबदार असताना हाडावरून सुटलेला स्नायू आखडतो आणि मांस चिवट होतं. गाडी जवळ असेल तर हाड राहू द्या. लांब असेल तर काढा, आणि मग घरी ते मांस दोन ते चार अंश सेल्सिअसला पाच-सात दिवस ठेवा.

मादीचं बिनहाडाचं मांस साठ-सत्तर किलो धरा. पाठीवर पंचवीस किलोची खेप म्हटलं तर एकूण तीन खेपा. चढ, बर्फ आणि अंधार धरून हे गणित गोळी झाडायच्या आधी करा. दुपारी चारनंतर, गाडीपासून पाच किलोमीटरवर, एकटे असताना समोर एल्क आला तरी आम्ही म्हणू, राहू द्या.

ग्रिझ्ली अस्वलं असलेल्या भागात मांस आतड्यांच्या ढिगापासून शंभर मीटर तरी दूर, लांबून दिसेल असं टांगा. परत येताना उजेडी या, बोलत या, आणि अस्वलाचा स्प्रे पिशवीत नको, पट्ट्याला हवा.

पहाटे आम्ही खालून वर चढतो आणि दरवेळी कळप आधीच पळालेला असतो. आवाज तर करत नाही. (हेलेना)

त्यांना तुमचा आवाज लागत नाही, वास लागतो. रात्रभर गार झालेली हवा पहाटे उताराने खाली वाहते. ऊन लागून उतार तापला, साधारण नऊ-दहाच्या सुमारास, की ती उलटून वर चढायला लागते. संध्याकाळी पुन्हा खाली. कळप पहाटे कुरणात चरून वर झाडीत विश्रांतीला जातो. तुम्ही त्याच्या मागोमाग चढता, तोवर वारा फिरतो आणि तुमचा वास तुमच्या आधी वर पोचतो. अंधारातच आडव्या वाटेने कळपाच्या उंचीवर जा, किंवा ऊन वर आल्यावर वरच्या बाजूने उतरा. छोट्या बाटलीत टाल्कम पावडर ठेवा आणि दर पाच मिनिटांनी चिमूट दाबा. गालाला न जाणवणारा वारा पावडरीत दिसतो.

मुलगी बारा वर्षांची आहे, हंटर एज्युकेशनचा कोर्स झाला आहे. तिला कोणती रायफल? (मिझूला)

७एमएम-०८ किंवा ६.५ क्रीडमोर या काडतुसाची. दोन्ही हरणाला भरपूर आणि जवळच्या एल्कलाही पुरतात. गोळी सुटताना खांद्याला बसणारा धक्का थर्टी-ऑट-सिक्स या मोठ्या काडतुसापेक्षा बराच कमी. धक्क्याला घाबरलेलं मूल घोडा दाबताना डोळे मिटतं, आणि जखमी प्राणी तिथूनच सुरू होतो. दस्ता तिच्या हाताच्या मापाचा हवा. वडिलांची रायफल लांब पडली की मान ताणून दुर्बिणीत बघावं लागतं आणि दुर्बिणीची कड भुवईला लागते.

रेंजवर बाकावरून नाही, गुडघ्यावर बसून आणि काठ्यांच्या टेकूवर सराव करा. पाचपैकी पाच गोळ्या जेवणाच्या ताटाएवढ्या वर्तुळात ज्या अंतरावरून बसतात, तेच तिचं अंतर. शंभर यार्ड निघालं तर शंभर. नेम पुढच्या पायाच्या लगेच मागे, छातीच्या खालून एक तृतीयांश उंचीवर. प्राणी पूर्ण आडवा उभा नसेल तर थांबायचं. लागल्यावर प्राणी दिसेनासा झाला तर अर्धा तास जागचं हलू नका. फेसाळ गुलाबी रक्त फुप्फुसाचं. हिरवट काही दिसलं तर गोळी पोटात आहे, तेव्हा निदान सहा तास थांबा, नाहीतर तो उठून मैलभर जातो.

गोळी तांब्याची घ्या. शिशाचे बारीक कण जखमेपासून बरेच लांब पसरतात आणि लहान मुलांच्या ताटात जाऊ नयेत. इतर शिकाऱ्यांना दिसावं म्हणून अंगावर भडक केशरी रंग कमरेच्या वर ४०० चौरस इंच हवा, जाकिटाखाली झाकलेला नको.

मी एच-१बी वर आहे. रायफल घेऊ शकतो का? (बिलिंग्स)

एच-१बीसारख्या नॉन-इमिग्रंट व्हिसावरच्या माणसाला बंदूक आणि काडतुसं बाळगायला केंद्रीय कायद्याने बंदी आहे. त्यात एक सूट म्हणजे कुठल्याही राज्याचा चालू शिकार परवाना. परवाना संपला की सूटही संपते, आणि मोंटानाचं परवाना-वर्ष फेब्रुवारीअखेर संपतं. कपाटात रायफल असेल तर नवा परवाना १ मार्चलाच हातात हवा. पत्नी एच-४ वर असेल तर तिचा परवाना वेगळा. ग्रीन कार्डवाल्यांना ही बंदी नाही. काही घेण्याआधी इमिग्रेशनच्या वकिलाला एकदा विचारा, इथे चूक व्हिसावर येते.

हरणांच्या रोगाबद्दल ऐकलं. मांस खावं का? आणि आपल्या पद्धतीने शिजवलं की कोरडंच का होतं? (बोझमन)

रोगाचं नाव क्रॉनिक वेस्टिंग डिसीज. १९६७ मध्ये तो कोलोरॅडोत पहिल्यांदा दिसला, मोंटानाच्या रानात २०१७ मध्ये. प्राणी वरून धडधाकट दिसतानाही बाधित असू शकतो. माणसाला झाल्याचं सिद्ध झालेलं नाही, पण बाधित प्राणी खाऊ नये असा आरोग्य खात्याचा सल्ला आहे, आणि तो पाळा. कारण हा रोग करणारं बिघडलेलं प्रथिन, प्रायॉन, कुकरमध्ये मरत नाही. हातमोजे घाला, कणा आणि कवटी करवतीने कापू नका, घशामागच्या लसिका गाठी तपासणीला द्या. निकालाला वेळ लागतो, तोवर पाकिटांवर कुठल्या प्राण्याचं ते लिहून फ्रीझरमध्ये ठेवा. दोन प्राण्यांचा खिमा एकत्र दळू नका, नाहीतर एकाचा निकाल वाईट आला की दोन्ही जातात.

कोरडं होतं कारण मांसात चरबी जवळपास नाही. कडेची जी असते ती मेणासारखी टाळूला चिकटते, ती आणि पांढरा पडदा काढूनच टाका. पाय आणि खांदा कांदा-खोबऱ्याच्या वाटणात, मटणापेक्षा दीडपट तेल घालून, एक शिट्टी झाल्यावर मंद आचेवर चाळीस मिनिटं. पाठीची पट्टी कुकरला लावूच नका. बोटभर जाड काप, आलं-लसूण, तापलेला तवा, दोन्ही बाजूंनी दोन-दोन मिनिटं. खिम्यात दहा टक्के बकऱ्याची चरबी मिसळा आणि तो आतून ७१ अंशांपर्यंत शिजवा.

शेजाऱ्यांना मांस द्या, पण विकू नका. मंडळाच्या तिकीट लावलेल्या जेवणात वाढणं हीदेखील विक्रीच धरली जाऊ शकते.